श्रद्धा आणि भीड : पंडिता रमाबाईंच्या जीवनाचे एक सूत्र

‘भीड’ हा मराठीतील एक विलक्षण शब्द आहे. भीती, आदर, संकोच आणि उपकाराची जाणीव या चारही छटा त्यात एकवटलेल्या आहेत, आणि म्हणूनच दुसऱ्या भाषेत तो नेताना अनुवादकाची त्रेधा उडते. भीती वाटते ती परक्याची. भीड पडते ती आपल्या माणसाची. ज्याचे अन्न खाल्ले, ज्याने अडचणीत हात दिला, ज्याच्या डोळ्यांत आपल्याविषयी कौतुक पाहिले, त्याला ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळते. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. संसारातल्या व्यवहाराला ते लागू पडतेच. पण श्रद्धेच्या प्रांतात ते अधिक खरे आहे. भिडेपोटी मान्य केलेले मत हे मागून आणलेले मत असते.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्या चरित्रांत छळाच्या हकीकती पुष्कळ आहेत. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने घर आणि नातीगोती कशी दुरावली हे त्यांच्या ‘अरुणोदया’त (१८८८) वाचावयास मिळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या कुटुंबावर काय प्रसंग ओढवला, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी वाचकाच्या कायमचे स्मरणात ठेवले आहे. या साऱ्या कथांत विरोधक समोर उभा असतो आणि त्याचा चेहरा ओळखता येतो. अशा विरोधाने श्रद्धा बहुधा बळावते. परंतु श्रद्धेची दुसरी एक कसोटी आहे, आणि ती आपल्या चरित्रकारांच्या नजरेतून अनेकदा निसटली आहे. स्वजनांनी टाकल्यावर ज्यांनी जवळ केले त्यांच्याही भिडेला न पडता राहणे, ही ती कसोटी होय. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) जीवन या दृष्टीने वाचले म्हणजे त्यातील वरवर विसंगत दिसणाऱ्या अनेक घटना एका सूत्रात गोवल्या जातात, असे मला वाटते.

२

रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या १८८३ मध्ये. त्यापूर्वीचा त्यांचा जीवनक्रम सुपरिचित आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. तीर्थाटन, पुराणकथन, दुष्काळात आईवडिलांचा अंत, भाऊ श्रीनिवास याच्याबरोबरची भ्रमंती, १८७८ मध्ये कलकत्त्यास लाभलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य : एवढे सगळे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत घडून गेले होते. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या इंग्लंडला निघाल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही सहकारी होती.

वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. मोबदल्यात रमाबाईंनी हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे असे ठरले होते. तेथे आनंदीबाईंनी आत्महत्या केली. तो आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. पंडितेने पोटासाठी धर्म बदलला, असा आक्षेप घेणारे घेऊ लागले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू उचलून धरली.

आता, पोटासाठी धर्म बदलणाऱ्या व्यक्तीने पुढे काय करावयास हवे होते? आश्रयदात्यांना प्रिय होईल ते बोलावे, त्यांच्या मतांना मान डोलवावी, हाच सोपा मार्ग होता. रमाबाईंनी नेमके याच्या उलट केले. १८८४ पासून त्या चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. तेथून त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रे हे या पर्वाचे मुख्य साधन होय. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच संकलित केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जे वादविषय येतात ते लहान-मोठे असे सर्व प्रकारचे आहेत. त्रैक्याचा सिद्धांत आपल्या बुद्धीस पटत नाही, अथनेशियन मतांगीकार आपण उच्चारू शकत नाही, असे त्या स्पष्ट लिहितात. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर विश्वास ठेवून. एखाद्या चर्चची सर्व मते डोळे मिटून स्वीकारण्याचा करार आपण केलेला नाही, ही त्यांची भूमिका. १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात त्या म्हणतात की, आपल्या देशातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने आपण मान सोडवून घेतली आहे. तेव्हा तसलेच दुसरे जोखड ईश्वरी आज्ञा म्हणून मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही.

वादाचे दुसरे कारण त्यांच्या अध्यापनाचे होते. इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावे ही कल्पना पुढे येताच हिंदुस्थानातील दोघा बिशपांनी हरकत घेतली. यावर रमाबाईंचे उत्तर मार्मिक आहे. आपल्या आईने किंवा आपण तरुण पुरुषांना शिकविण्यास वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, ती इंग्रज मंडळींनी घ्यावी याचे त्यांना नवल वाटले. ज्या समाजाला ‘मागासलेला’ म्हणून दाखविण्यात येई त्याच समाजातील एक शास्त्री येथे बिशपांपेक्षा उदार ठरला, आणि हे सांगताना रमाबाईंनी आश्रयदात्यांची मुळीच भीड धरली नाही.

तिसरा वाद एका क्रुसाचा. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. हिंदी स्त्रियांनी न समजणारी लॅटिन अक्षरे गळ्यात का वागवावी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे, की ब्राह्मणाला संस्कृतविषयी जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते, असे त्यांनी विचारले. आहाराच्या बाबतीतही असेच. त्या शाकाहारी राहिल्या. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा जुना अभिमान दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे की, ख्रिस्ताला शरण जाण्यासाठी पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती टाकण्याचे कारण नाही.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. ज्या बाईंशी हा वाद चालला होता त्यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. मनोरमेची देखभाल त्या करीत होत्या. म्हणजे हा वाद शत्रूशी नव्हता. ज्यांच्या घरी लेकरू ठेवले आहे त्यांच्याशी होता. जेराल्डिनबाईंच्या उत्तरांत अहंकाराचा, कृतघ्नतेचा आरोप येतो, आणि तो येणे स्वाभाविकही होते. उपकारकर्त्याला मतभेद हा नेहमीच कृतघ्नतेसारखा दिसतो. चेल्टनमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र या शंकांकडे अधिक सहानुभूतीने पाहिले; जिज्ञासू मनावर आज्ञेचा उपयोग होत नाही, हे त्या शिक्षिकेने जाणले होते.

३

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही आणि विधवा मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा असावी, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांनी सल्लागार म्हणून साथ दिली. पुढे १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

येथे भिडेचे दुसरे प्रकरण सुरू होते, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड आहे. वाँटेजमध्ये रमाबाईंना ‘पुरेशा ख्रिस्ती नाहीत’ असे ऐकावे लागले होते. पुण्यात त्या ‘फार ख्रिस्ती’ ठरल्या. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठविली. सल्लागारांचे म्हणणे असे की, दार लावून घ्यावे किंवा मुलींना येऊ देऊ नये. रमाबाई म्हणाल्या की, मी कोणाला बोलावीत नाही. पण येणाऱ्या मुलीला मी घालवूनही देणार नाही, आणि माझा धर्म चोरून ठेवण्यासारखा मी समजत नाही. अखेर १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचा न्याय करताना आजवर दोन टोके गाठली गेली आहेत. एका बाजूस रमाबाईंनी विश्वासघात केला असे म्हटले जाते. दुसऱ्या बाजूस सुधारकच भित्रे ठरविले जातात. मला दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. रानड्यांची अडचण खरी होती. लोकांनी आपल्या विधवा लेकी सदनात पाठविल्या त्या रानड्यांच्या शब्दावर. शिवाय ज्या मुलीला घरात मान नाही, बाहेर थारा नाही, आणि जिला आईची माया केवळ या एका बाईकडून मिळते, ती उघड्या दारातून आत जाते तेव्हा तिच्या स्वेच्छेत भिडेचा अंश किती आणि श्रद्धेचा किती, हे कोण सांगणार? वाँटेजच्या अन्नाचे ओझे ज्यांनी स्वतः अनुभवले होते त्या रमाबाईंना हा प्रश्न सुचावयास हवा होता. तो त्यांना सुचलाच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्यांच्या कृतीत त्याचे पुरेसे उत्तर मिळत नाही, हे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

तरीही रमाबाईंच्या बाजूने एक गोष्ट उरतेच. दार लावून घेतले असते तर सदन वाचले असते, रानड्यांचा आधार राहिला असता, पुण्याच्या प्रतिष्ठित समाजात त्यांना स्थान मिळाले असते. एका कडीची किंमत एवढी मोठी होती. ती कडी त्यांनी लावली नाही. ज्या सुधारकांविषयी त्यांना आदर होता, ज्यांच्याशिवाय काम चालणे कठीण होते, त्यांनाच हा नकार दिला गेला.

४

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ज्या श्रद्धेसाठी हा खटाटोप केला ती स्थिर तरी कोठे होती? १८८५ मध्ये त्रैक्याविषयी शंका घेणाऱ्या रमाबाई पुढे ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताविषयी निःशंकपणे बोलू लागल्या. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच सांगितले आहे : बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हा बदल १८९१ च्या सुमाराचा. मग १८८५ चा हट्ट व्यर्थच होता की काय?

मला याचे उत्तर उलट दिसते. १८८५ मध्ये जेराल्डिनबाईंच्या भिडेने त्यांनी तो मतांगीकार उच्चारला असता, तर १८९१ चा अनुभव त्यांच्या वाट्याला आला असता की नाही याची शंका आहे. जे मनाने स्वीकारले नाही ते मुखाने म्हणावयाचे नाही, हा नियम त्यांनी पाळला, म्हणून पुढे जे म्हटले त्याला वजन आले. बदलली ती मते. बदलला नाही तो हा नियम. श्रद्धेचा टिकाऊपणा सिद्धांतांच्या यादीवरून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. तो वस्तुतः प्रामाणिकपणाच्या या एका रेषेवरून मोजावयास हवा.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळाने तिचा विस्तार आणखी वाढविला. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. तिच्यापुरता लपविण्याचा प्रश्न संपला होता. पण कोणा एका पंथाचे लेबल त्यांनी तिला लावले नाही. भिडेचा जो प्रश्न मी वर मांडला तो येथे अधिकच बिकट होतो, कारण आता आश्रयदात्री स्वतः रमाबाई होत्या. उपाशी मरणाऱ्या मुलीला अन्न देणारा हात आणि धर्म देणारा हात एकच असला म्हणजे त्या मुलीची भीड कोण मोजणार? संस्थेचे नाव ‘मुक्ती’ असले तरी हा प्रश्न त्या नावाने सुटत नाही. रमाबाईंच्या थोरवीला त्यामुळे उणेपणा येतो असे नाही. मात्र भीड ही अशी वस्तू आहे की तिच्यातून सुटलेला माणूसही ती दुसऱ्यावर नकळत घालतो, हे त्यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे.

५

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे असे या सूत्राचे आणखी एक टोक आहे. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मजकूर जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

या भाषांतराचे वैशिष्ट्य त्याच्या भाषेत आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले तिनेच संस्कृत शब्द जाणूनबुजून दूर ठेवले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील अशिक्षित बाईला कळत नाहीत, आणि त्यांतील पुष्कळ शब्द जुन्या धर्मकल्पनांचे संस्कार बरोबर घेऊन येतात, असा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. तिशीच्या आत लॅटिन क्रुसाविरुद्ध संस्कृतचा कैवार घेणारी स्त्री साठीच्या घरात संस्कृतलाच नाकारते, ही विसंगती नव्हे. तेव्हा प्रश्न परक्यांच्या भिडेचा होता. आता तो स्वतःच्या विद्वत्तेच्या भिडेचा होता. आपली सर्वांत मोठी मिळकत बाजूस सारणे हे कोणाही पंडिताला सोपे नाही.

नारायण वामन टिळकांनी याच्या नेमकी विरुद्ध वाट धरली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. अभंग, कीर्तन, भजन ही सारी संतपरंपरा त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘ख्रिस्तायना’चा आराखडाही त्याच परंपरेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्वच ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी ‘देवाचा दरबार’ भरविला. एकाने वारशाचे शब्द जवळ केले, दुसरीने ते टाळले. वाङ्मय म्हणून टिळकांचा मार्ग अधिक फलदायी ठरला यात शंका नाही. टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात, रमाबाईंचे बायबल मात्र सर्वत्र रूढ झाले नाही. त्याची शब्दशः मूळाला धरून चालणारी वाक्यरचना कानाला खडबडीत लागते, हे मान्य केले पाहिजे. पण दोघांच्याही निवडीमागची वृत्ती एकच आहे. टिळकांनी मिशनच्या वेतनाची भीड सोडली, रमाबाईंनी वाङ्मयीन कीर्तीची. दोघांनीही आपली भाषा आपल्या श्रद्धेकडून घेतली. ऐकणाऱ्याच्या पसंतीकडून घेतली नाही.

६

गेली काही वर्षे मी रमाबाईंच्या इंग्रजी पत्रांतील उतारे मराठीत आणण्याचा प्रयत्न करीत आहे. हे काम करताना आलेला एक अनुभव येथे सांगून लेख संपवितो. ‘मी हिंदूच आहे आणि तसे म्हणवून घेणे मला आवडते’ अशा आशयाचे वाक्य रमाबाईंच्या पत्रात आले की माझी लेखणी खुलते. ते जरा ठसठशीत करावे असे वाटते, कारण माझ्या वाचकांपैकी बहुतेकांना ते आवडणार असते. उलट त्यांच्या उत्तरायुष्यातील पाप, तारण, नरक यांविषयीची कठोर वाक्ये आली की ती थोडी मऊ करावीशी वाटतात. ‘त्यांना असे म्हणावयाचे नसेल’ अशी पळवाट मन शोधू लागते. एके दिवशी माझ्या लक्षात आले की, आपण जेराल्डिनबाईंचेच काम करीत आहो : रमाबाईंना कोणाच्या तरी सोयीच्या करीत आहो. त्या दिवशी मी केलेले पंधरा-वीस पानांचे भाषांतर रद्द केले आणि पुन्हा सुरुवात केली.

रमाबाईंवर आज हक्क सांगणारे अनेक आहेत. कोणाला त्या समाजसुधारक म्हणून हव्या आहेत, ख्रिस्ती म्हणून नकोत; कोणाला त्या संत म्हणून हव्या आहेत, शंका घेणारी विद्यार्थिनी म्हणून नकोत; कोणाला त्यांचे बंड हवे आहे, त्यांची प्रार्थना नको. या सर्वांना मिळून एकच उत्तर आहे, आणि ते रमाबाईंनी १८८५ मध्ये वाँटेजला व १८९३ मध्ये पुण्याला दिलेले आहे. आपण त्यांच्याशी असहमत होण्यास मुखत्यार आहो. मी स्वतः अनेक ठिकाणी असहमत आहे. परंतु ज्या स्त्रीने आयुष्यभर कोणाच्या भिडेखातर आपला शब्द बदलला नाही, तिचा शब्द आपल्या वाचकांच्या भिडेखातर बदलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.